नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाई सगळ्यांना माहितीयेत, पण सुरतेतल्या डॉक्टर रखमाबाई?

भडगावच्या बाजूनं वाहणारी गिरणा पुढं जाऊन तापीला मिळते. आणि तापी सुरतेवरून समुद्राला. खान्देशातली माणसंही वर्षानुवर्षं त्याच दिशेनं जातात. भडगाव असो, अमळनेर असो की नंदुरबार, सुरतेतलं उधना आणि लिंबायत ही नावं इथल्या घरांना परकी नाहीत. कापडाच्या कारखान्यात कामाला गेलेला काका, तिकडंच दिलेली आत्या, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायचं म्हणून सुरत-भुसावळ गाडीत बसलेली एखादी ताई. हे सगळं नेहमीचंच.

या सुरतेत १८९५ साली मुंबईहून एक मराठी डॉक्टर आल्या होत्या. वय तीस. शिक्षण लंडनचं. काम काय, तर बायकांचा दवाखाना चालवायचा.

त्यांचं नाव डॉ. रखमाबाई राऊत.

आता हे नाव तुम्ही ऐकलं असेल ते एका कोर्ट केसमुळं. लहानपणी लग्न झालेल्या मुलीनं मोठं झाल्यावर नवऱ्याकडं नांदायला जायला नकार दिला, कोर्टानं जा नाहीतर तुरुंगात टाकू असं बजावलं, आणि ती तुरुंगात जायला तयार झाली. या केसवर पुस्तकं आली, सिनेमा आला. पण ही केस संपली तेव्हा रखमाबाई २३ वर्षांच्या होत्या आणि त्या जगल्या ९० वर्षं. मधल्या काळात त्यांनी जे केलं, ते केसइतकं गाजलं नाही. कारण त्यात निकाल नव्हता, गर्दी नव्हती, पेपरात मथळे नव्हते. होत्या त्या फक्त बाळंतिणी.

तर गोष्ट सुरुवातीपासून बघू.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. त्या दोन वर्षांच्या असताना वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाई तेव्हा अवघ्या १७ वर्षांच्या होत्या. म्हणजे पंधराव्या वर्षी आई आणि सतराव्या वर्षी विधवा. हे कुटुंब सुतार समाजातलं. त्यांच्यात विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी नव्हती. सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं आणि रखमाबाईंच्या आयुष्याची दिशाच बदलली.

सखाराम अर्जुन हा माणूस भारी होता. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकवायचे, वनस्पतींचा अभ्यास दांडगा. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली, तिच्या आठ संस्थापकांमधले दोन भारतीय, त्यातले एक हे. महत्त्वाचं म्हणजे त्यांनी बाळंतपणाच्या शास्त्रावर मराठीत पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे ज्या काळात घरात बाळंतपण हा शब्द पुरुषांसमोर उच्चारला जात नव्हता, त्या काळात रखमाबाईंच्या घरात त्या विषयाचं पुस्तक लिहून झालं होतं.

तरीही रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालंच. नवरा दादाजी भिकाजी, वय १९. पण पुढं मुलगी वयात आल्यावर तिला लगेच सासरी पाठवायचं, ही रीत सखाराम अर्जुन यांनी मोडली. डॉक्टर म्हणून त्यांना माहिती होतं की कोवळ्या वयात दिवस गेले तर काय होतं. रखमाबाई आईकडेच राहिल्या. घरी बसून वाचत राहिल्या. तिकडं दादाजींनी शिकायचं सोडून दिलं, तब्येत ढासळली, डोक्यावर कर्ज चढलं. इकडं रखमाबाईंच्या नावावर वडिलांची मालमत्ता होती.

१८८४ मध्ये दादाजींनी बायको ताब्यात द्या म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. वर अपील झालं, केस परत उभी राहिली, आणि ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल फिरवला. महिन्याभरात नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद चालेल असं सांगितलं. टिळकांच्या केसरीनं त्यांच्यावर सडकून टीका केली. दुसऱ्या बाजूला बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक त्यांच्या बाजूनं उभे राहिले. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींना २००० रुपये मिळाले आणि त्यांनी दावा सोडला.

या सगळ्यात एक तारीख नजरेतून सुटते. निकालाच्या आठवडाभर आधी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात आनंदीबाई जोशी वारल्या. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या होत्या, वय २१, प्रॅक्टिस सुरू करायच्या आधीच गेल्या. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. एकाच आठवड्यात महाराष्ट्रानं एक डॉक्टर गमावली आणि दुसरी डॉक्टर होऊ शकेल अशा मुलीला तुरुंगाची भीती दाखवली.

आता मुंबईत याच काळात अजून एक गोष्ट घडत होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय रखमाबाईंची पुढची गोष्ट कळत नाही.

त्या काळी सरकारी दवाखाने होते, पण डॉक्टर पुरुष. बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा पडद्याआडून दाखवायच्या. मग करायचं काय? जॉर्ज किट्रेज नावाचा एक अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी बंगाली हे पारशी सुधारक एकत्र आले आणि त्यांनी लोकांकडून पैसे गोळा केले. विलायतेतून महिला डॉक्टर आणायच्या, त्यांचा पगार या फंडातून द्यायचा. हॉस्पिटलसाठी पेस्तनजी कामा यांनी देणगी दिली. सरकारनं पुढं ते चालवायची जबाबदारी घेतली. हेच मुंबईचं कामा हॉस्पिटल, १८८६ मध्ये सुरू झालेलं. अट एकच होती, आतला कारभार महिला डॉक्टरांच्या हातात. देणगी लोकांची, चालवणार सरकार, उपचार करणार बायका. असं तिघांनी मिळून उभं केलेलं हे हॉस्पिटल आजही सीएसएमटीजवळ चालू आहे.

या फंडातून मुंबईत आलेल्या डॉक्टर म्हणजे एडिथ पेची. एडिनबरामध्ये मुलींना डॉक्टरकी शिकू द्या म्हणून भांडलेल्या सात जणींपैकी त्या एक. त्यांनी कामामध्ये नर्सचं ट्रेनिंग सुरू केलं. रखमाबाईंना डॉक्टर हो म्हणून पाठबळ देणाऱ्यांमध्ये पेची सगळ्यात पुढं होत्या. त्यांच्या विलायतेतल्या शिक्षणासाठी वर्गणी जमली, शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिले. १८८९ मध्ये रखमाबाई बोटीत बसल्या.

लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये त्या पाच वर्षं शिकल्या. तिथं असतानाच इकडं कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी लग्नानंतर नवऱ्याच्या बळजबरीमुळं मेली आणि देशभर संमती वयाचा वाद पेटला. रखमाबाईंनी लंडनच्या एका मासिकात बालविवाहाविरुद्ध लिहिलं. १८९१ मध्ये कायदा होऊन वय दहावरून बारा झालं. बारा! आज ऐकताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा त्या दोन वर्षांसाठीसुद्धा देशभर सभा आणि मोर्चे झाले होते.

१८९४ मध्ये त्या ब्रुसेल्सची एमडी घेऊन परतल्या. थोडे दिवस कामामध्ये काढले आणि १८९५ मध्ये सुरत.

इथून खरा प्रश्न सुरू झाला.

दवाखाना होता. औषधं होती. विलायतेत शिकलेली डॉक्टर होती, तीसुद्धा बाई. म्हणजे पुरुष डॉक्टरची अडचणही संपली. आणि तरीही बाळंतपणाला बायका येईनात.

का येत नव्हत्या, तर कारणं साधी होती. बाळंतपण घरातच व्हायचं, अंधाऱ्या खोलीत. विटाळ म्हणून जुनेरं अंथरूण, खिडकी बंद, शेगडी पेटलेली, जवळ फक्त सुईण. सुईणीचा हात अनुभवाचा असायचा, पण तो धुतलेला असेलच असं नाही. नाळ कापायला जे पातं हाताला लागेल ते. त्यातून बाळाला धनुर्वात आणि आईला सूतिकाज्वर व्हायचा. मूल आडवं आलं तर सुईणीचा इलाज संपायचा. आणि अशा वेळी, दोन दिवस कळा देऊन झाल्यावर, शेवटी कुणीतरी दवाखान्याचं नाव काढायचं. तोपर्यंत उशीर झालेला असायचा. बाई तिथं दगावली की गावभर एकच बातमी, दवाखान्यात नेली आणि मेली. म्हणजे दवाखाना बदनाम होणार तो उशिरा आणलेल्या पेशंटमुळं, आणि बदनाम झाला म्हणून पुढचे पेशंट अजून उशिरा येणार. हे चक्र होतं.

शिवाय तिथलं जेवण कुणाच्या हातचं, शेजारच्या खाटेवर कुठल्या जातीची बाई, पाणी कोण देणार, हे प्रश्न होतेच. आणि एकटी बाई निर्णय घेणारी नव्हती. सासू, नवरा, सासरे, भावकी, सगळ्यांनी हो म्हटलं तर ती उंबरा ओलांडणार.

रखमाबाईंकडं तरी काय होतं? त्या काळी अँटिबायोटिक नव्हती. रक्त चढवायची सोय नव्हती. डॉक्टरकडं होतं ते म्हणजे उकळलेली हत्यारं, कार्बोलिकनं धुतलेले हात, क्लोरोफॉर्म, चिमटा, आणि कधी थांबायचं, कधी हात घालायचा याचं ज्ञान. एवढ्यानंही पुष्कळ जीव वाचू शकत होते, फक्त बाई वेळेत यायला हवी होती.

याबद्दल एक किस्सा सांगितला जातो. सुरतेत बायका यायला तयार नाहीत म्हटल्यावर रखमाबाईंनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणली आणि तिचं बाळंतपण केलं. शेळी आणि करडू दोन्ही ठणठणीत. ही बातमी मोहल्ल्यात फिरली आणि मग हळूहळू बायका येऊ लागल्या. ऐकायला गंमत वाटते. पण लंडन-ब्रुसेल्सच्या डिग्रीनं जे झालं नाही, ते शेळीनं केलं, यात बरंच काही आलं. लोकांना सर्टिफिकेट वाचता येत नव्हतं. जिवंत आई आणि जिवंत पिल्लू मात्र कुणालाही कळतं.

तोवर देशात लेडी डफरिन यांच्या नावानं १८८५ मध्ये फंड निघाला होता. त्यातून ठिकठिकाणी बायकांचे दवाखाने उभे राहत होते, संस्थानिक आणि शेठ मंडळी देणग्या देत होती. या फंडाचं एक काम म्हणजे सुईणींना शिकवणं. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी खास त्यासाठी वेगळा फंड काढला. सुईणीला हाकलून द्यायचं नाही, तिला हात धुवायला शिकवायचं आणि अडलेली बाई कधी पाठवायची हे सांगायचं. अर्थात हे प्रयोग सगळीकडं जमले नाहीत. शिकून आलेली सुईण घरात गेली की घरच्या म्हातारीपुढं तिचं चालायचं नाही. शिवाय सुईणीचं काम खालच्या जातीवर ढकललेलं, त्यामुळं तिला मान नाही आणि पैसाही तुटपुंजा. ज्या हातावर सगळ्यांचा जीव अवलंबून, त्याच हाताला विटाळ मानायचा, असा सगळा उफराटा कारभार.

रखमाबाईंना सुरतेत येऊन दोनेक वर्षं होतात तोच प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली साथ सुरतेपर्यंत पोहोचली. त्या वेळी सरकारी पथकं घरात घुसायची, आजारी माणसाला उचलून छावणीत टाकायची. लोक हॉस्पिटल म्हटलं की पळायला लागले. म्हणजे जो भरवसा मोठ्या कष्टानं जमवला, तो एका साथीत उडून जायची वेळ. रखमाबाई सुरत सोडून गेल्या नाहीत. साथीत काम करत राहिल्या आणि या कामासाठी त्यांना सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं.

१९०० च्या सुमाराला ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेपासून नंदुरबार, अमळनेरपर्यंत आली. खान्देशाला सुरत एका दिवसाच्या टप्प्यात आली. रखमाबाई तेव्हा तिथंच होत्या.

मग आलं १९०४. दादाजी वारले. आणि इथं रखमाबाईंनी जे केलं ते आजही अनेकांना कोड्यात टाकतं. त्यांनी विधवेसारखं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली.

ज्या माणसाला नवरा मानायला नकार दिला, ज्याच्यापायी तुरुंगात जायची तयारी ठेवली, त्याच्यासाठी हे? लक्षात घ्या, कायद्यानं हे लग्न कधी मोडलंच नव्हतं. हिंदू लग्नात तेव्हा घटस्फोट नव्हता. तडजोडीनं दावा संपला होता, नातं नाही. पण दुसरीही बाजू असू शकते. नवऱ्याला सोडून आलेली बाई म्हणून ज्या डॉक्टरकडं बोट दाखवलं जायचं, तिच्याकडं घरोघरच्या सुना बाळंतपणाला पाठवायच्या होत्या. सासूला जिचा भरवसा वाटत नाही, तिच्याकडं सून जात नाही. स्वतःच्या आयुष्यात एक इंचही मागं न हटलेल्या बाईनं कपड्याच्या बाबतीत लोकांना एक पाऊल दिलं, असं समजायला जागा आहे. काही जणांना ते खटकतं. खटकण्यासारखं आहेच.

सुरतेत त्यांनी वीस वर्षांहून जास्त काढली. १९१८ च्या सुमाराला त्यांना विमेन्स मेडिकल सर्व्हिस या देशपातळीवरच्या सरकारी सेवेत बोलावणं आलं. हुद्दा मोठा, मान मोठा. रखमाबाईंनी नाही म्हटलं आणि राजकोटला गेल्या. तिथं बायकांसाठी रसूलखानजी जनाना हॉस्पिटल होतं, जुनागढच्या नवाबाच्या नावाचं. राजकोट संस्थानी शहर, म्हणजे पडदा अजूनच कडक. तिथल्या मुख्य डॉक्टर म्हणून त्यांनी काम केलं, रेड क्रॉसची शाखा उभी केली, आणि १९२९ च्या आसपास निवृत्त होईपर्यंत त्या तिथंच होत्या. सुरत आणि राजकोट मिळून जवळपास ३५ वर्षं.

निवृत्तीच्या वेळी त्यांनी एक पुस्तिका लिहिली. विषय होता पडदा पद्धत बंद करायची गरज. वय ६४-६५. आयुष्यभर पडद्यामागच्या बायका तपासल्यावर त्यांनी हा विषय निवडला, यात नवल नाही. त्यांच्या सगळ्या नोकरीचा पायाच पडदा होता. पडदा होता म्हणून बायकांचे वेगळे दवाखाने निघाले, म्हणून महिला डॉक्टर लागल्या. पण हाच पडदा बाईला दवाखान्यापर्यंत पोहोचू देत नव्हता.

आता सव्वाशे वर्षांनी या गोष्टीचा भडगावशी काय संबंध? संबंध आहे. बाळंतपणात बायका का दगावतात, याचा अभ्यास करणारे आज तीन उशिरांबद्दल बोलतात. पहिला, दवाखान्यात न्यायचं हे घरात ठरायलाच उशीर. दुसरा, गाडी मिळून तिथं पोहोचायला उशीर. तिसरा, पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. हे वर्गीकरण १९९४ मध्ये आलं, पण रखमाबाई सुरतेत याच तीन उशिरांशी झगडत होत्या. त्यातला पहिला उशीर तोडायला आज गावात आशाताई आहेत, २००५ पासून. दुसऱ्यासाठी १०८ आहे. आणि तिसऱ्यासाठी २०१६ पासून एक योजना आहे, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी. त्यात खासगी डॉक्टरांनी त्या दिवशी स्वतःहून येऊन पेशंट बघावेत, अशी कल्पना आहे. गावातल्या बाया, सरकारी दवाखाना आणि खासगी डॉक्टर असे तिघं एका दिवसासाठी एकत्र. जिथं हे तिघं खरंच येतात तिथं रक्त कमी असलेली, बीपी वाढलेली बाई सातव्या महिन्यातच सापडते. जिथं येत नाहीत तिथं ती कळा सुरू झाल्यावर सापडते, रात्री, रस्त्यात.

आणि खान्देशात यात एक वेगळीच मेख आहे. सुरतेत राहणारी लेक सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते. तिची तपासणी तिकडची, फाईल तिकडची, आणि बाळंतपण इकडं. फाईल सोबत आणायची राहिली तर इकडच्या डॉक्टरला तिचं काहीच माहिती नसतं. म्हणून गाडीत बसताना डिंकाच्या लाडवांच्या डब्याआधी ती फाईल पिशवीत गेली पाहिजे.

निवृत्तीनंतर रखमाबाई मुंबईत राहिल्या. देश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला. १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला आणि त्यात हिंदू बाईला घटस्फोटाचा हक्क मिळाला, तेव्हा त्या हयात होत्या. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या वारल्या.

२०१७ मध्ये २२ नोव्हेंबरला, त्यांच्या जन्मदिवशी, गुगलनं त्यांचं डूडल केलं. त्यात ना कोर्ट होतं, ना न्यायाधीश. गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या रखमाबाई होत्या, आणि मागं वॉर्डातल्या बायका.